तुला कसं वाटतंय? मुलामुलींच्या तब्येतीची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू या

या महिन्याचा अभ्यासपाठ : दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र



बैठकीत आरोग्याचं सूत्र आलं की आपलं बोलणं गरोदर बाई, बाळंतीण आणि लहान बाळ यांच्यावरच होतं. ते बरोबरच आहे. त्यांच्यासाठी आशाताई येतात, अंगणवाडी आहे, लसीकरणाचा दिवस ठरलेला आहे. पण घरातलं दहा ते एकोणीस वर्षांचं पोर या सगळ्यातून निसटतं. ते धडधाकट दिसतं, ताप नाही, खोकला नाही, मग चौकशी कोण करणार? २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात या वयाची २५ कोटींहून जास्त मुलंमुली आहेत. तुमच्या गटात दहा बाया असतील, तर त्यातल्या चार-पाच घरांत तरी असं पोर असेलच.

आपण त्यांना दोन प्रश्न रोज विचारतो. "जेवलास का?" आणि "अभ्यास झाला का?" या पाठात आपण तिसरा प्रश्न विचारायला शिकणार आहोत : "तुला कसं वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायलाही शिकणार आहोत. ते जास्त अवघड आहे.

आधी त्यांचं का ऐकायचं?

पहिलं कारण हक्काचं आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांचा करार केला. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. आपल्याबद्दलच्या गोष्टींत मत मांडण्याचा आणि ते मत विचारात घेतलं जाण्याचा मुलांना हक्क आहे, असं त्या करारात लिहिलेलं आहे. तब्येत ही तर सगळ्यात आपली स्वतःची गोष्ट.

दुसरं कारण आपल्याच घरातलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. पण आधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ. म्हणजे बाकीच्या दुखणं अंगावर काढत होत्या. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या आपल्या आया-सासवांच्या पिढीच्या बाया. आपणही त्याच वळणाने वाढलो. हे वळण आपल्या लेकीपर्यंत जाऊ द्यायचं का, हा आजच्या पाठाचा खरा प्रश्न आहे.

मुलांच्या मते 'तब्येत' म्हणजे काय?

आपल्या दृष्टीने अंथरूण धरलं नाही म्हणजे तब्येत बरी. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या यापेक्षा मोठी आहे. शरीर, मन आणि चारचौघांत वागणं-राहणं, तिन्ही नीट असेल तर आरोग्य, असं ती सांगते. गंमत अशी की, पोरांना मोकळं बोलू दिलं तर तीही असंच काहीसं सांगतात. त्यांच्या बोलण्यात चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या येतात, उंची आणि रंग येतो, मित्रांनी मारलेला टोमणा येतो, दहावीच्या निकालाची धास्ती येते, घरातली भांडणं येतात, शाळेतल्या संडासाला कडी नाही हेही येतं. आपल्याला त्यातलं निम्मं फालतू वाटतं. त्यांना नाही वाटत. डॉक्टरांच्या यादीत जे नाही, ते त्यांच्या यादीत वरच्या नंबरावर असू शकतं.

आता त्यांच्या तोंडची पाच वाक्यं घेऊ. ही तुम्ही घरात ऐकली असतील. प्रत्येकामागे काय असू शकतं ते पाहू.

१. "मला सारखं थकल्यासारखं होतं."

आपण म्हणतो, "मोबाईल बघत जागतेस, थकणारच." कधी ते खरंही असतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पण आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये देशात शंभरातल्या ५९ जणींना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात शंभरातल्या ५७. मुलांमध्येही देशात शंभरातले ३१. तेव्हा हा फक्त पोरींचा आजार आहे असं समजू नका.

मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. पंधरा वर्षांवरच्या मुलाचं १३ च्या खाली नको. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा निळी लोहगोळी मिळते. शाळा सुटलेल्या मुलींसाठी ती अंगणवाडीत असते. गोळी जेवल्यावर घ्यायची. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पोटातल्या जंतांची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते. तीही चुकवू नका.

पोरी पुष्कळदा गोळी पिशवीत ठेवतात नि घरी येऊन फेकतात. रागवण्याआधी कारण विचारा. "मळमळतं", "मैत्रीण म्हणाली ही गोळी मूल होऊ नये म्हणून देतात", अशी उत्तरं येतील. उत्तर कळलं तर समजूत घालता येते.

ताटात पालेभाजी, शेवग्याचा पाला, डाळी-उसळी, बाजरी, हळीव, जमत असेल तर मांस-मासळी. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह नीट लागत नाही. आणि एक बारीक गोष्ट : घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? उरलंसुरलं कोणाच्या ताटात जातं? तपासणी करून रक्त कमी निघालं, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टर सांगतील तसे उपचार घ्यावे लागतात. विदर्भात, नंदुरबार भागात आणि आदिवासी गावांत सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. तिथे थकव्याचं कारण वेगळं असू शकतं.

२. "त्या दिवसांत मी शाळेत नाही जाणार."

यामागे पोटदुखी असते, डाग पडायची भीती असते, किंवा शाळेत पाणी नसतं. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी विचारायचं. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायचं, पलंगाखाली नाही. आपल्या बचत गटांना हा विषय नवा नाही. २०१८ मध्ये राज्यात 'अस्मिता' योजना आली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींपर्यंत पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट पोचवायचं काम गटांच्याच बायांकडे होतं. विकताना ज्या बाया लाजल्या नाहीत, त्यांना लेकीशी बोलायला लाजायचं काय कारण?

पुढची लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवा : सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, दर महिन्याला शाळा बुडण्याइतकी पोटदुखी, किंवा पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी न येणं. "लग्न झालं की सगळं नीट होतं" हा उपचार नव्हे.

३. "मला टेन्शन आलंय."

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं टेन्शन," हे वाक्य तोंडावर येतं. ते गिळून टाका. हे वाक्य ऐकलं की पोर पुन्हा सांगायला येत नाही. मनाच्या निम्म्या आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे हे वय लक्ष देण्याचं आहे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पोर गप्प असेल, खाणंपिणं किंवा झोप बिघडली असेल, मित्र तोडले असतील, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कोणाला तरी कळतंय म्हणून पोराला धीर येतो. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम आजच करा. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे. रागाचा किंवा निराशेचा तो क्षण पुष्कळदा निघून जातो. त्या क्षणी हाताशी काय होतं, यावर जीव अवलंबून असतो.

४. "मला इतक्यात लग्न नाही करायचं."

आपण याला लग्नाचा विषय समजतो, पोरीच्या लेखी तो तब्येतीचाही असतो. अठराच्या आत बाळंतपण म्हणजे अजून वाढत असलेल्या अंगावर दुसऱ्या जिवाची वाढ. आधीच रक्त कमी असेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. त्याच पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या शंभर बायांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कायदा २००६ चा आहे : मुलगी १८, मुलगा २१. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत कोयत्याचा हिशेब असतो, वयात आलेल्या पोरीला मागे ठेवायची भीती असते, हे आपल्याला माहीत आहे. ती भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय पोरीच्या अंगावर काढायचा नाही.

याबाबत पाचोडचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठण तालुक्यातलं हे गाव. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. शिकवायला गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया होत्या, संध्याकाळी तासभर वर्ग चालायचा. आरोग्य, बोलणं, स्वतःचा निर्णय सांगणं असे विषय. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एकच वर्ष, म्हणाल तुम्ही. पण जिचं ते वर्ष वाचलं, तिला विचारा. आणि शिकवणाऱ्या बाया आपल्यासारख्याच होत्या, हे ध्यानात ठेवा.

५. "मला काही नाही झालं, सोड ना आई."

हे वाक्य बहुतेक वेळा मुलग्याचं. पोराने रडायचं नाही, घाबरायचं नाही, असं आपणच त्याला लहानपणापासून शिकवलं. मग मिसरूड फुटल्यावर अंगात होणारे बदल, स्वप्नदोष, भीती, हे सगळं तो मोबाईलला विचारतो किंवा पानटपरीवर. खर्रा, मावा, गुटखा, दारू यांची सुरुवातही तिथेच होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकता येत नाही. गावात काय चालतं, ते आपण रोज बघतो. आपल्या पोराला घडाघडा शिव्या देण्यापेक्षा त्याच्याशी बोलायला एखादा समजूतदार माणूस शोधा : मामा, शिक्षक, नाहीतर गावातला थोरला मुलगा.

बैठक कशी घ्यायची?

ग्रामसंघात एका रविवारी मुलामुलींची बैठक ठेवा. खर्च फारसा नाही.

१. मुलांचा आणि मुलींचा गट वेगळा बसवा. मुलींसाठी सीआरपी ताई किंवा आशाताई, मुलांसाठी शिक्षक किंवा आरोग्यसेवक. पोरांच्या आयांनी त्या खोलीत बसायचं नाही. हा नियम मोडला तर बैठक वाया गेली समजा.

२. जमिनीवर खडूने माणसाची मोठी आकृती काढा. कुठे दुखतं, कशाची लाज वाटते, कशाची काळजी वाटते, तिथे खडे किंवा शेंगा ठेवायला सांगा. बोलायला लाजणारी पोरंही खडा ठेवतात.

३. एक बंद डबा ठेवा. नाव न लिहिता प्रत्येकाने चिठ्ठीवर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची : कशाने बरं वाटतं? शरीराबद्दलची कोणती शंका कोणालाच विचारता येत नाही? काळजी वाटली की कोणाकडे जाता? गावात काय बदललं तर तब्येत सुधारेल?

४. चिठ्ठ्या वाचताना "ही कोणाची?" असं विचारायचं नाही. हसायचं नाही. उपदेश करायचा नाही. माहीत नसलेल्या प्रश्नाचं उत्तर दडपून द्यायचं नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांना किंवा नर्सताईंना बोलवायचं.

५. इतिवृत्तात मुद्दे लिहा, कोणाचंही नाव लिहू नका. पोराने विश्वासाने सांगितलेलं पाणवठ्यावर गेलं, तर ते पोर परत तोंड उघडणार नाही.

एकच अपवाद. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा. त्या मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारून हैराण करू नका. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं आधी म्हणा.

सरकारची सोय काय आहे?

१० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. आहार, प्रजनन आरोग्य, मन, व्यसन, हिंसा आणि इजा, तसंच मधुमेह-रक्तदाबासारखे आजार, हे सगळे विषय त्यात आहेत. सरकारी दवाखान्यांत या वयाच्या मुलामुलींसाठी वेगळा सल्ला कक्ष असतो, आपल्याकडे त्याला 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. तिथे सांगितलेलं गुप्त ठेवायचं असतं. तुमच्या जवळचा कक्ष कोणत्या दवाखान्यात आहे आणि कोणत्या वारी उघडा असतो, ते आशाताईंना विचारून गटाच्या भिंतीवर लिहा. या कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींमधून 'साथिया' निवडायची पद्धत आहे. तुमच्या गावात ते निवडले आहेत का, हेही विचारा.

गट काय करू शकतो?

मुलांच्या चिठ्ठ्यांतून जे निघेल, त्याचा ठराव करा. शाळेच्या संडासाला कडी आणि पाणी, हा विषय ग्रामसभेत नेता येतो. शाळेजवळची गुटख्याची टपरी हाही ग्रामसभेचा विषय. बालविवाह ठरत असेल तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना कळवा. एखाद्या घरात तपासणीला न्यायला गाडीभाडं नसेल, तर अंतर्गत कर्जाची सोय करा किंवा ग्रामसंघाच्या जोखीमप्रवणता निधीचा विचार करा. पोरीच्या तपासणीसाठी कर्ज मागायला बाया कचरतात. म्हशीसाठी आपण कचरत नाही.

आणि मुलांना परत सांगा, की तुम्ही हे हे म्हणालात, त्यातलं एवढं झालं, एवढं राहिलं. हे सांगितलं नाही, तर "विचारतात नि विसरतात" असं ती म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या असताना शरीराबद्दल कोणता प्रश्न मनात होता आणि तो कोणाला विचारता आला नाही?

२. घरातल्या मुलीचं आणि मुलाचं ताट यांत काय फरक असतो?

३. पोर काही सांगायला आलं, तेव्हा पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता?

४. आपल्या गावात मुलीला निवांत बसून मैत्रिणीशी बोलायला जागा आहे का? मुलग्यांना आहे?

घरी करायचं काम

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक ताईने तीन कामं करायची. एक, घरातल्या या वयाच्या सगळ्या मुलांचं हिमोग्लोबिन तपासून आकडा वहीत लिहायचा, मुलग्याचासुद्धा. दोन, फवारणीचं औषध कुलपात. तीन, दिवसातून दहा मिनिटं, भाकरी थापताना किंवा पाणी भरताना, हातातलं काम चालू ठेवून पोराशी बोलायचं. समोरासमोर बसवून विचारलं की पोरं गप्प होतात, कामात असताना बोलतात. मध्ये टोकायचं नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर, कर्जमागणीच्या आधी, या तीन कामांची हजेरी घेऊ.